गळा एकाचा, देह दुसऱ्याचा

जानेवारी २०२५ मध्ये 'संगीत मानापमान' हा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शन सुबोध भावे यांचे, संगीत शंकर-एहसान-लॉय यांचे. मूळ नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे. किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत त्याचा पहिला प्रयोग केला. चित्रपटावर बोलणे झाले ते बहुतेक कपडेपट, सेट आणि नव्या गाण्यांवर. मूळ पदांना चाली देणाऱ्या माणसाचे नाव त्या बोलण्यात फारसे कुठे आले नाही. आम्हा गडमुडशिंगीकरांनी तरी ते विसरायला नको. हुपरीच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर सांगवडे येते. तिथे ५ जून १८८१ रोजी गोविंद सदाशिव टेंबे जन्मले.

शास्त्रीय संगीतात मुरलेला माणूस नाटकाला किंवा चित्रपटाला संगीत देतो तेव्हा नेमके काय घडते, या प्रश्नाची सुरुवात मराठीत गोविंदरावांपासून करावी लागते. त्यांनी दोन्ही माध्यमांत पायाचे काम केले आणि दोन्हीकडच्या अडचणी त्यांच्याच वाट्याला पहिल्यांदा आल्या. पेटीवर त्यांचा हात असा होता की भास्करबुवा बखल्यांसारखा गवई त्यांना साथीला घेई. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहत होते. त्यांच्या गायकीचा गोविंदरावांवर खोल ठसा उमटला. पुढे त्यांनी खाँसाहेबांचे चरित्रही लिहिले. म्हणजे जयपूर-अत्रौलीची अवघड, वळणावळणाची ख्यालगायकी त्यांच्या रोजच्या कानावरची होती. तरीही 'मानापमान'साठी त्यांनी ती जशीच्या तशी उचलली नाही, आणि त्यांची थोरवी मला इथेच दिसते. उत्तरेकडच्या गायिकांकडून ऐकलेला पूरब अंगाचा ठुमरी-दादरा-कजरीचा बाज त्यांनी मराठी पदांना दिला.

असे का केले असेल? ख्यालाला विस्तार लागतो. त्यात शब्द हे रागाचे निमित्त असते. ठुमरी मात्र एकच शब्द चार तऱ्हांनी वळवून म्हणते. रुसवा, लटका राग, माघार, पुन्हा ओढ, हे सगळे त्याच एका शब्दातून निघते. 'मानापमाना'तली भामिनी अशीच आहे. धैर्यधराला तिने आधी तुच्छ लेखलेले असते आणि मग तिचे मन हळूहळू बदलत जाते. ते बदलणे संवादांपेक्षा स्वरांनी लवकर कळते. आधीच्या संगीत नाटकांत साकी, दिंडी आणि कर्नाटकी वळणाच्या चाली होत्या. त्या कथा पुढे नेत, पण मनातली घालमेल दाखवायला अपुऱ्या पडत. गोविंदरावांनी पात्राचा स्वभाव पाहून गायनप्रकार निवडला. संगीतकाराने नाटककाराशी केलेला सहयोग तो हाच. राग कोणता घेतला, ही पुढची गोष्ट.

पण त्याच यशातून रोगही आला, तो लपवण्यात अर्थ नाही. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ मध्ये 'स्वयंवर' आले, चाली भास्करबुवांच्या. मंडळीच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. एवढ्या तोलाचे वादक नाटक कंपनीत पगारावर होते, हे आजच्या निर्मात्याला सांगितले तर पटणार नाही. साथ अशी असल्यावर गाणे फुलणारच. ते इतके फुलले की नाटक मागे पडले. वन्समोअरवर वन्समोअर, एकेका पदाला अर्धा तास, पहाटेपर्यंत चाललेले प्रयोग. ही मैफल ऐकायला लोक अफाट गर्दी करत, पण रुक्मिणीचे पुढे काय झाले याची चौकशी कोणाला उरली नव्हती. पुढच्या साठ वर्षांत ज्यांनी ज्यांनी मराठी रंगभूमीला संगीत दिले, त्यांना या मैफलीशी झगडावे लागले.

मधे चित्रपट आला. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झाली. तिचा 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट ६ फेब्रुवारी १९३२ रोजी लागला. संगीत गोविंदरावांचे आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. तेव्हा ते पन्नाशीत होते. त्या काळात पार्श्वगायन नव्हते. कॅमेऱ्यापुढे उभे राहून नटानेच गायचे, वादकांनी चौकटीबाहेर बसायचे आणि चित्र-ध्वनी एकाच वेळी टिपायचे. तंत्राच्या दृष्टीने ही मोठी गैरसोय होती. ताल चुकला की सगळा शॉट पुन्हा. पण त्या गैरसोयीने एक गोष्ट सांभाळली होती. हरिश्चंद्राचा गळा आणि हरिश्चंद्राचा देह एकाच माणसाचे होते. गाताना छाती भरते, मानेची शीर ताणते, स्वर चढवण्याआधी डोळ्यांत क्षणभर तयारी दिसते. ते सारे पडद्यावर दिसत होते. त्याच कंपनीत कोल्हापुरात उमेदवारी करणारे वसंत देसाई पुढे मोठे संगीतकार झाले. त्यांचे पहिले धडे याच वातावरणातले.

१९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूपछाँव'मध्ये पार्श्वगायन वापरले आणि हळूहळू सगळीकडे गळा व देह यांची फारकत झाली. या फारकतीचे फायदे पुष्कळ. लता मंगेशकरांचा आवाज घराघरांत पोचला तो तिच्यामुळेच. पण शास्त्रीय अंगाच्या संगीतकाराचे काम तिने मुळापासून बदलले. आता तो पात्रासाठी चाल बांधत नाही, गायकासाठी बांधतो. पात्राचे ओठ नंतर कोणीतरी हलवतो. आजच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ मला इथे दिसते. गेल्या नव्वद वर्षांतले ज्यांचे काम अजून ताजे वाटते, ते सगळे या ना त्या मार्गाने ही फारकत टाळणारे, निदान तिचे भान ठेवणारे आहेत.

प्रभातमध्येच त्याची उदाहरणे आहेत. 'संत तुकाराम' (१९३६) मध्ये विष्णुपंत पागनीस स्वतः गायले. केशवराव भोळ्यांनी चाली अशा साध्या ठेवल्या की गाणे आणि बोलणे यांच्यात सांधा दिसत नाही. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला. भोळ्यांनी त्याआधी १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात पदांची गर्दी हटवून मोजकीच भावगीते ठेवली होती. तो गंधर्वकाळाच्या मैफलीवरचा पहिला धीट उतारा. शास्त्रीय संगीताचा जाणकार माणूस 'इथे गाणे नको' असे म्हणू शकतो, हे त्यांनी दाखवले. मास्टर कृष्णराव भास्करबुवांचे शिष्य. त्यांनी गंधर्व मंडळीतून प्रभातमध्ये येऊन 'गोपालकृष्ण', 'माणूस', 'शेजारी' केले आणि १९४२ मध्ये नाट्यनिकेतनच्या 'कुलवधू'साठी ज्योत्स्ना भोळ्यांच्या गळ्याला शोभणाऱ्या चाली दिल्या. वसंत देसायांनी 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) मध्ये अमीरखाँसाहेबांना, 'गूँज उठी शहनाई' (१९५९) मध्ये बिस्मिल्लाखाँसाहेबांना चित्रपटात आणले आणि १९६० च्या 'पंडितराज जगन्नाथ'मधून रंगभूमीवरही छाप पाडली. कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडक्यांचे काम इतके परिचित आहे की त्यावर इथे थांबत नाही.

थांबायचे ते जितेंद्र अभिषेकींपाशी. अभिषेकीबुवा मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे. आग्रा घराण्याची तालीम त्यांना मिळाली आणि गुलुभाई जसदनवालांकडून जयपूरची. गुलुभाई अल्लादियाखाँसाहेबांचे शिष्य, म्हणजे कोल्हापुरातून निघालेला एक झरा इथेही येऊन मिळतो. १९६४ मध्ये गोवा हिंदू असोसिएशनने वसंत कानेटकरांचे 'मत्स्यगंधा' केले. अभिषेकींनी पदे आटोपशीर ठेवली, ताना जागच्या जागी बसवल्या. रामदास कामत आणि आशालता वाबगावकर यांच्या गळ्यांची जात वेगळी, म्हणून चालींची जातही वेगळी ठेवली. संगीत नाटक संपले असे म्हणणाऱ्यांना त्यातून उत्तर मिळाले.

त्याहून मोठे काम तीन वर्षांनी झाले. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगभूमीवर आले. या नाटकाचा विषयच गाणे. दोन घराणी, एक राजगायकाचे पद, आणि आपली विद्या कोणाला द्यायची हा प्रश्न. अशा नाटकात संगीतकाराने एकाच छापाच्या सुंदर चाली दिल्या असत्या तर नाटक कोसळले असते, कारण दोन घराण्यांतला फरक प्रेक्षकाला कानाने कळायला हवा. अभिषेकींनी पंडित भानुशंकरांच्या बाजूला शांत, आर्जवी, शब्द जपणारी गायकी दिली आणि त्यांच्या प्रतिस्पर्धी खाँसाहेबांच्या बाजूला आक्रमक, तानबाज, लयीशी झुंजणारी. संवादात न सांगितलेला स्वभाव चालींनी सांगितला. आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे उभे होते. त्यांचा गळा भरधाव जाई तेव्हा देहही तसाच पुढे झुके. संगीतकार, नाटककार आणि गायक नट या तिघांनी तालमीत एकत्र बसून घडवलेली ही वस्तू आहे. त्यातला एकही जण उशिरा आला असता तर ती घडली नसती.

२०१५ मध्ये या नाटकावर सुबोध भावे यांनी चित्रपट केला. तो तुफान चालला, तरुण मुले शास्त्रीय गाणे ऐकायला लागली, अभिषेकींचे शिष्य महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. याचा आनंद मला मनापासून आहे. तरीही समीक्षक म्हणून सांगायला हवे की नाटकातला खाँसाहेबांचा गुंता चित्रपटात सरळ खलनायकीकडे ढकलला गेला, आणि त्याचे एक कारण संगीताच्या रचनेत आहे. पडद्यावर सचिन पिळगावकर, आवाज राहुल देशपांडे यांचा. दोघेही आपापल्या कामात वाकबगार. पण गाणारा हट्टी माणूस आपल्याच स्वरात हळूहळू विरघळतो, हे दाखवायला एकच देह लागतो. ओठ हलवणाऱ्या नटाला चेहऱ्याने राग दाखवावा लागतो, आणि राग लवकरच दुष्टपणा होतो. गाणी गोड राहिली, नाट्य उथळ झाले. 'मानापमान'च्या पडद्यावरच्या रूपात हेच अधिक ठळक झाले. शंकर महादेवन यांच्या सुरेलपणाबद्दल दुमत नाही. पण गोविंदरावांनी भामिनीच्या रुसव्यासाठी शोधलेला बाज तिथे भव्य वाद्यमेळाखाली दबतो. रुसवा हळू आवाजात असतो. त्याला शंभर व्हायोलिनांची गरज नसते.

याच्या उलट टोकाला भास्कर चंदावरकर. सतारीत ते रविशंकरांचे शिष्य, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापक. १६ डिसेंबर १९७२ रोजी 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्ये आणि चंदावरकरांचे संगीत. यात गायक नायक नाही. माणसांची भिंत गाते. तीच भजन म्हणते, तीच लावणीला ताल धरते, तीच अत्याचारावर पाठ फिरवते. देवाचे नाव आणि सत्तेची क्रूरता एकाच लयीत बसवली की प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. ही किमया शास्त्रीय संगीताच्या लयविचाराशिवाय जमली नसती, आणि तरीही त्यात मैफलीचा मागमूस नाही. रवींद्र साठे, चंद्रकांत काळे यांच्यासारखे गाणारे नट त्या भिंतीतच उभे होते. 'सामना' (१९७५) पासून 'श्वास' (२००४) पर्यंतच्या चंदावरकरांच्या चित्रपटसंगीतात हाच संयम आहे. 'श्वास'मध्ये आजोबा आणि नातू यांच्यामधली शांतता त्यांनी भरून टाकली नाही, तिच्या कडेकडेने स्वर ठेवले. त्यांच्या मागोमाग आनंद मोडकांनी 'महानिर्वाण'मध्ये कीर्तनाचा बाज नाटकाच्या हाडात मुरवला. या दोघांच्या कामावर मराठीत पुरेसे लिहिले गेलेले नाही, ही आपल्या समीक्षेची मोठी उणीव आहे.

किशोरीताई आमोणकरांनी गोविंद निहलानींच्या 'दृष्टी' (१९९०) ला संगीत दिले, हे अनेकांना ठाऊकही नसते. मोगूबाई कुर्डीकर अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या आणि किशोरीताई मोगूबाईंच्या. एका शहरी जोडप्याच्या विस्कटत चाललेल्या संसाराला त्यांनी दिलेले स्वर पडद्यावर कोणाच्याही ओठांत नाहीत. ते त्या बाईच्या मनात वाजतात. गळा आणि देह वेगळे असूनही इथे फसवणूक नाही, कारण हा गळा कोणाच्या तोंडी घातलेलाच नाही. पार्श्वगायनाच्या कोंडीतून निघणारी ही वाट फार थोड्यांनी चोखाळली. ती अजून मोकळी आहे.

गेल्या काही वर्षांत आशा वाटावी अशी कामेही झाली. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'ला २०२० मध्ये व्हेनिसला उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. संगीताची आखणी तबलावादक अनीश प्रधान यांची. ताम्हाण्यांनी नटांना गायला लावले नाही, गायकांना अभिनय करायला लावला. आदित्य मोडक शिष्य झाले आणि मोगूबाई-किशोरीताईंच्या परंपरेतले अरुण द्रविड गुरू झाले. या चित्रपटातले गाणे मुद्दाम कधी अर्धवट, कधी अडखळणारे आहे. रियाझ करूनही न साधणारा स्वर तुम्हाला ऐकू येतो. अपयशी गाण्याला संगीतकाराने इतक्या काळजीने जागा दिल्याचे दुसरे उदाहरण मला भारतीय चित्रपटात माहीत नाही. राहुल देशपांडे यांनी 'मी वसंतराव'मध्ये आजोबांची भूमिका केली, गाणे गायले, संगीतही दिले. चित्रपट लांबला आहे, काही प्रसंग ओढलेले आहेत; पण ते गातात तेव्हा पडद्यावरून नजर हटत नाही, कारण १९३२ साली हरिश्चंद्राच्या बाबतीत जे घडले होते तेच पुन्हा घडते.

रंगभूमीवर प्राजक्त देशमुख यांच्या 'संगीत देवबाभळी'ने (२०१७) सगळ्यांना चकित केले. दोनच स्त्रिया, आवली आणि लखुबाई. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी दोघी प्रत्यक्ष गात. संगीत आनंद ओक यांचे. भक्तीचा गोडवा आणि घरात मागे राहिलेल्या बाईचा त्रागा त्यांनी एकाच स्वरभूमीवर ठेवला. आवलीची ओवी आणि तिचे भांडण यांत भेद करता येत नाही. संगीत नाटक हे जुन्या पिढीच्या आठवणींचे दुकान नाही, हे सिद्ध करायला एवढे एक नाटक पुरेसे होते. पण त्या वाटेवर त्याच्यामागून किती नाटके आली? बोटांवर मोजावी एवढीही नाहीत.

याचे कारण प्रतिभेचा तुटवडा नव्हे. महाराष्ट्रात आज उत्तम तालीम घेतलेले तरुण गायक-वादक पूर्वीपेक्षा कमी नाहीत. कमतरता आहे ती त्यांना वेळेवर बोलावण्याची. नाटक बसत आले, प्रयोगाची तारीख ठरली, की संगीतकाराला फोन जातो. त्याने घरी बसून संगणकावर पार्श्वसंगीत करायचे आणि फाइल पाठवायची. प्रयोगात ती फाइल वाजते. नट थकला असेल, प्रेक्षक हसून थांबले असतील, एखादा विराम आज अधिक खोल गेला असेल, फाइलला त्याचे काही नाही. तबल्यावर माणूस असता तर तो थांबला असता. चित्रपटात तर शास्त्रीय संगीतकाराला बोलावतात ते एखाद्या 'क्लासिकल' गाण्यापुरते. तानपुरा, आलाप, द्रुत तान, संपले. गोविंदरावांकडून खाडिलकरांनी असे एक गाणे मागितले असते तर 'मानापमान' झालेच नसते.

खर्चाचा प्रश्न खरा आहे, तो मी नाकारत नाही. ऑर्गन, तबला, एखादे सूरवाद्य आणि त्यांचा प्रवास यांचा बोजा दौऱ्यावरच्या नाटकाला जड जातो. तरी राज्य संगीत नाट्य स्पर्धेत लहान गावांतल्या हौशी संस्था तो उचलतातच. त्यांना जमते ते मोठ्या निर्मात्यांना जमत नाही, हे पटत नाही.

कोल्हापूरकरांच्या हातात तर आज एक नेमकी संधी आहे. शाहू महाराजांनी बांधवलेले पॅलेस थिएटर, म्हणजेच आपले केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. १९२१ च्या संयुक्त 'मानापमाना'त बालगंधर्वांसमोर धैर्यधर म्हणून उभा राहिलेला हा गायक नट. गोविंदरावांच्या चाली त्याच्या गळ्यातून लखलखत. त्याच्या नावाच्या वास्तूच्या पुनर्बांधणीचे काम पूर्ण होत असताना ध्वनिक्षेपक आणि प्रकाशयोजना यांची चर्चा होईल, आणि ती व्हायलाही हवी. माझी मागणी लहान आहे. रंगमंचाच्या पायाशी साथीदारांना बसायला नटाचा चेहरा दिसेल अशी कायमची जागा ठेवा. तालमीसाठी एक खोली ठेवा आणि तिथे एक चांगला ऑर्गन ठेवा. ध्वनिक्षेपकाविना गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो की नाही, हे उद्घाटनाआधी एखाद्या गायकाला उभे करून तपासून घ्या. आणि त्या रंगमंचावर नवे नाटक बसवणाऱ्यांनी पहिल्या वाचनालाच संगीतकाराला बोलवावे.